उसवायचा स्वेटर

४ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार वि. वि.

सोबतचं पार्सल उघडण्याआधी हे पत्र वाचा, असं लिहिणार होते. पण तुम्ही पार्सलच आधी उघडलं असणार, तुमचा उतावळेपणा मला नवा नाही. दचकला असाल तर माफ करा. तो यांचाच स्वेटर आहे, तुम्ही विणलेला, शेवाळी.

त्याचं असं झालं, की आपल्या ठकीला सातवा महिना लागलाय. ती तिकडेच, नोकरीच्या गावी बाळंत होणार आहे. दवाखाना घराजवळ आहे आणि जावई हाताशी आहेत, तेव्हा मी आग्रह धरला नाही. परवा फोनवर म्हणाली की बाळासाठी क्रोशाचं पांघरूण हवंय, पण दुकानातलं नको आणि नव्या लोकरीचंही नको, बाबांच्या स्वेटरच्या लोकरीचं हवं. बाबांना बाळ बघायला मिळालं नाही, निदान बाळाला बाबांच्या लोकरीत गुंडाळता तरी येईल, असं म्हणाली आणि रडायला लागली. हे गेले तेव्हासुद्धा ही पोरगी माझ्यासमोर रडली नव्हती. मी लगेच हो म्हणून बसले.

हो म्हणणं सोपं. माझ्या हातचं क्रोशे तुम्हाला ठाऊक आहे. ठकीच्या वेळी मी पांघरूण विणायला घेतलं, तर दर ओळीत कडेचा एकेक खांब सुटत गेला आणि शेवटी त्याचा त्रिकोण झाला. हे तो डोक्याला बांधून घरभर हिंडले होते. तेव्हा विणायचं तुम्ही आणि उसवायचंही तुम्हीच. स्वेटर तुमच्या हातचा आहे, शेवटची गाठ कुठे मारलीय ते तुम्हालाच माहीत.

दुकान बंदच आहे. तरी लोक शिलाई मशीन घेऊन येतात आणि शटर वाजवतात. गेल्या आठवड्यात एक बाई आल्या. त्यांना सांगितलं की दुरुस्त करणारे आता नाहीत, तर त्या मशीन पायरीवर ठेवून तिथेच बसल्या आणि मलाच त्यांच्यासाठी पाणी आणावं लागलं. यांनी त्यांचं मशीन तीनदा फुकट दुरुस्त केलं होतं म्हणे. मला कधी बोलले नव्हते.

हे गेल्यापासून तुमचं पत्र नाही. तसं आधीही तुम्ही यांनाच लिहायचात आणि माझ्यासाठी खाली दोन ओळी असायच्या. फोनवर तर तुम्ही 'बरं, ठेवते' यापलीकडे जात नाही. तेव्हा त्या दोन ओळी तरी लिहीत जा. पूर्वी मी त्या दोनदोनदा वाचायचे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
वहिनी

*

१६ नोव्हेंबर

ती. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

पार्सल आधी उघडलं आणि पत्र नंतर वाचलं. तुम्ही मला चांगलंच ओळखून आहात.

पत्र का नव्हतं, ते लिहिते. कागद पुढे घेतला की हात आपोआप 'प्रिय दादा' लिहितो. मग तो कागद बाजूला ठेवावा लागतो. असे पुष्कळ कागद साठलेत. त्यांच्या मागच्या बाजूला मी गिऱ्हाइकांची मापं लिहिते.

माझं बरं चाललंय. खालचा ड्रायक्लीनर पॅन्ट्स आखूड करायला आणि पडद्यांना दुमड घालायला वर पाठवतो, त्यामुळे हात रिकामे नसतात. मशीन मात्र टाके सोडायला लागलंय. दरवर्षी थंडीच्या सुरुवातीला दादा यायचा. माझ्या जेवणाच्या टेबलावर सगळं मशीन सुटं करून मांडायचा, आणि ते परत जुळवून होईपर्यंत आम्ही उभ्याने जेवायचो. ड्रायक्लीनर म्हणाला, त्याच्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे, पाठवू का. मी म्हटलं, मशीनला काही झालेलं नाही. आता निम्मं काम हाताने करते आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाते.

पांघरूण करते. करते म्हणजे काय, करणारच. जाळीचा नमुना घेणार नाही, कितीही शोभिवंत दिसला तरी. तान्ह्या बाळाची बोटं जाळीत अडकतात. सगळे मुके खांब घालते, म्हणजे घट्ट आणि ऊबदार होईल. कड पांढरी चालेल का, ते ठकीला विचारून कळवा. त्रिकोण होणार नाही याची हमी देते.

उसवायला आज-उद्या घेते. आधी धुवावा की आधी उसवावा, या विचारात आहे.

तुमच्या मायेत माझा वाटा राहू द्या.

तुमची धाकटी नणंद

*

५ डिसेंबर

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार वि. वि.

कड पांढरी चालेल. ठकी दर रविवारी फोन करते आणि माझी तब्येत विचारायच्या आधी पांघरूण कुठवर आलं ते विचारते. मी बिनधास्त सांगते, की अर्ध्यावर आलंय. तुम्ही मला खोटं पाडू नका म्हणजे झालं.

उसवून झाला ना? इतकी वर्षं विणीत राहिलेली लोकर कुरळीच निघणार. लडी करा, कोमट पाण्यातून काढा आणि खाली काहीतरी जड बांधून टांगा. तुम्हाला शिकवायला निघाले, हसा खुशाल. तुमची सगळी हयात लोकांचे कपडे उसवण्यात गेलीय. म्हणून तर बिनघोर तुमच्यावर टाकलं.

इकडे विशेष काही नाही. भाजी अजून दोघांचीच होते. कमी करायला जाते आणि शेवटी पातेलं तेवढंच भरतं. दुसऱ्या दिवशी तीच खाते. शेजारचा चष्मेवाला म्हणतो, दुकानाचा गाळा भाड्याने द्या, चार माणसं येतील-जातील, तुम्हालाही बरं वाटेल. त्याचं चुकत नाही. पण आतल्या फळीवर यांचे स्क्रू अजून डब्यांत वेगवेगळे लावलेले आहेत, आणि कुठला स्क्रू कुठल्या मशीनचा ते मला कळत नाही. एकदा हलवले की कायमचे मिसळतील. म्हणून राहू दिलंय.

संध्याकाळी रेडिओ लावते. ऐकत नाही, नुसता लावते. घरात माणसाचा आवाज हवा असतो.

तुमचं मशीन त्या मेकॅनिकला दाखवा. हेही तेच म्हणाले असते आणि मग त्याच्या कामात चुका काढल्या असत्या.

आठवण ठेवता, तशीच ठेवत राहा.

तुमची,
वहिनी

*

२८ डिसेंबर

ती. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

पांघरूण सोबत पाठवत आहे. चारही कोपरे आहेत, मोजून घ्या. लोकर पुरली, थोडी उरलीसुद्धा. कडेला पांढऱ्या लोकरीचे शिंपले विणलेत, बाळ मोठं झालं की बोटं घालून खेळेल. धुताना पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवंच वाळवा.

ठकीला सांगा, आत्याने सगळं एका हाताने केलंय, मध्ये कुठे दुसऱ्याचा टाका नाही.

पत्र आखूड झालं. डोळे दुखतात.

लोभाची गरज आहे, एवढंच लिहिते.

तुमची धाकटी नणंद

*

२२ जानेवारी

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मुलगी झाली. तुमची भाची आणि तिची लेक दोघी सुखरूप आहेत. बाळ ठकीवर गेलंय, म्हणजे तुमच्या घराण्यावर. कपाळ अगदी यांचं. मी तिथे राहून कालच परत आले.

आता दुसरी गोष्ट. ही तोंडावर बोलता आली असती तर बरं झालं असतं.

तुमचं पार्सल आलं तेव्हा मी पांघरूण पलंगावर पसरलं आणि हात ठेवताक्षणी मला कळलं. वन्सं, ही त्या स्वेटरची लोकर नाही. उसवलेली लोकर कितीही ताणून वाळवली तरी अशी पलंगाला चिकटून झोपत नाही. आणि रंग. हे दुकानाच्या दाराशी बसून काम करायचे, उजवा खांदा कायम उन्हात. तो खांदा आणि ती बाही पार विटली होती, जवळजवळ पिवळी. त्या लोकरीचं पांघरूण पट्ट्यापट्ट्यांचं झालं असतं. तुमचं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शेवाळी आहे. तुम्ही रंग स्वेटरच्या खालच्या काठाशी जुळवला असणार. तेवढाच भाग पॅन्टमध्ये खोचलेला असायचा आणि तेवढाच विटला नव्हता.

मला फार राग आला. दिवस भरत आलेल्या पोरीला फसवलंत असं वाटलं. दोन पत्रं लिहिली आणि फाडली. शेवटी काहीच न ठरवता पांघरूण पिशवीत घालून गाडीत बसले.

दवाखान्यात ठकीने ते हातात घेतलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाली, बाबांचा वास येतोय, मशीनच्या तेलाचा. मी बोलायला तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं. मग मीही हुंगून पाहिलं. खरंच येत होता. मी भिंतीकडे तोंड करून बसले. जावयांना वाटलं मला घेरी आली, ते पाणी घेऊन धावले.

राग गेलाय असं नाही. पण तुम्हाला हेही सांगायला हवं, की तो स्वेटर पार्सल करण्याआधी मी स्वतः उसवायला बसले होते. कात्री मांडीवर घेऊन बसले आणि अंधार पडला तेव्हा दिवा लावायला उठले, एवढंच काय ते काम झालं. मग विचार केला, वन्संना पाठवू, त्यांचा धंदाच तो, त्यांना काही वाटणार नाही. माझ्याच्याने झालं नाही ते तुमच्या गळ्यात घातलं, आणि तुमच्याच्याने होईल का हे विचारलंसुद्धा नाही. भाऊ तुमचा होता. मला त्या वेळी फक्त माझा नवरा दिसत होता.

स्वेटर कुठे आहे ते मी विचारत नाही. पण इथे दाराशी खुंटी रिकामी आहे. बाहेर जाता-येता माझा हात तिकडे जातो आणि तसाच परत येतो. मला तो हवा आहे, वन्सं. पोस्टाने पाठवू नका. पुन्हा पोस्टाच्या हवाली करायला माझा जीव धजावत नाही. तुम्ही स्वतः घेऊन या.

येणार की नाही, एवढंच कळवा. बाकी लिहिलं नाहीत तरी चालेल.

तुमची,
वहिनी

*

१ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

येते. मंगळवारच्या गाडीने येते, दुपारपर्यंत घरी पोचेन.

तुम्ही सगळं बरोबर ओळखलंत, काठाचंसुद्धा. मी गाठ सोडली होती. एक ओळ उसवली. ती कुरळी लोकर मांडीवर येऊन पडली आणि मला पुढे काही सुचेना. मग सुया काढल्या आणि ती ओळ परत विणून टाकली. दुसऱ्या दिवशी स्वेटर घेऊन लोकरीच्या दुकानात गेले आणि काठाशी रंग जुळवून नवी लोकर घेतली. घरी येईपर्यंत स्वतःला बजावत होते की बाळाला काय कळणार आहे. तुम्हाला कळेल, हे तेव्हाही माहीत होतं. लोकर उरली असं लिहिलं तेव्हा तर चोरासारखं वाटलं.

पण वासाचं ठकीचं चुकलेलं नाही. माझी खोली गार असते. सगळं पांघरूण मी दादाचा स्वेटर अंगात घालून विणलंय, आणि हातातलं काम थांबवलं की त्यातच गुंडाळून ठेवत होते. ते मी तिला सांगणार आहे, आणि लोकर कुठली तेही. तुम्ही गप्प राहिलात ते माझ्यासाठी. आता ते ओझं तुमच्याकडे नको. ती चिडली तर चिडू दे. तिला बरं वाटलं की आपण दोघी तिच्याकडे जाऊ आणि स्वेटर तिच्यासमोर ठेवू. तिघींपैकी जिच्याच्याने उसववेल तिने उसवावा, मी बाळाला तसंच दुसरं पांघरूण करीन, पट्ट्यापट्ट्यांचं. कोणाच्याच्याने झालं नाही, तर तो तुमच्या खुंटीवर राहील. मी अधूनमधून येऊन बघत जाईन.

मला भीती वेगळीच होती. दादा गेला, ठकी तिच्या संसारात, मग आता तुमचं-माझं नातं कोणामुळे, असं सारखं मनात यायचं. त्यात मी हे करून बसले. मला वाटलं, तुम्ही आता पत्र टाकणार नाही, आणि तुमचं काही चुकलंही नसतं. गेल्या महिन्यात ड्रायक्लीनरने विचारलं, की आजारीबिजारी पडलात तर कळवायचं कोणाला. मी तुमचं नाव सांगितलं आणि वर येऊन रडले. तुम्हाला न विचारता सांगितलं होतं.

पिशवीत गिऱ्हाइकांच्या पॅन्ट्स आहेत, हाताने शिवायच्या राहिलेल्या. तुमच्या रेडिओपाशी बसून शिवीन. बाळासाठी दोन टोपडी आहेत. स्वेटर आत मावत नाही आणि गाडीत थंडी असते, म्हणून तो अंगातच घालून येणार आहे. मला गुडघ्यापर्यंत येतो, बाह्या दुमडाव्या लागतात.

एक सांगून ठेवते. आम्हा बहीणभावाची चाल अगदी सारखी, असं आई म्हणायची. तुमच्या दारातून गल्लीच्या तोंडाशी आलेलं माणूस दिसतं, पण इतक्या लांबून चेहरा कळत नाही. तेव्हा मंगळवारी दारात वाट बघत उभ्या राहू नका. आतच बसा, दार लोटून. मी जवळ आले की हाक मारीन, माझा आवाज ऐकलात की मग उघडा.

तुमची धाकटी नणंद