पदराच्या सावलीत वाचलेलं

प्रिय आई,

तुझ्या लेकानं, संतोषनं, तुझ्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेसाठी माझ्याकडे चार ओळी मागितल्यात. "तू कॉलेजात मराठी शिकवतेस, तूच लिही," म्हणाला. वर नमुना म्हणून स्वतःच एक ओळ पाठवली: साध्या, कष्टाळू, प्रेमळ गृहिणी. त्यातला एकही शब्द खोटा नाही. तरी ती ओळ वाचून तू डोळ्यांपुढे येत नाहीस. पत्रिका बाजूला ठेवली आणि तुलाच लिहायला बसले. जालन्याहून जाफराबादला पत्र कशाला लिहायचं, असं वाटून तू होतीस तेव्हा एकदाही लिहिलं नाही.

दोन आठवड्यांपूर्वी श्राद्धाचं सांगायला रेहानाचाचीकडे गेले होते. आपल्या भिंतीला भिंत लागून घर, पण तू गेल्यापासून मी तिच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. मला बसायला सांगितलं, चहा ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बेटा, ती मास्तरीण परत गेली का?"

मला वाटलं, गल्लीतल्या कुणा बाईंबद्दल विचारतेय. मी म्हणाले, कोण मास्तरीण? तर तिनं चहाखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाली, "तुझ्या आईच्या किताबातली. मला वाटलं, तुला माहीत असंल."

आई, मला काहीच माहीत नव्हतं.

चाचीनं सगळं सांगितलं. तिच्या सुनेनं तुझ्या फोनवर पुस्तकांचं ॲप टाकून दिलं होतं. तेव्हापासून तीन वर्षं, अण्णा दुपारचे झोपले की तू तिच्याकडे जायचीस. ती शिवायची आणि तू वाचून दाखवायचीस. चाचीची शाळा उर्दूतली; मराठी सगळं कळतं, पण वाचायला जड जातं. किती कादंबऱ्या झाल्या याचा तिला हिशेब नाही. नावंही आठवत नाहीत. माणसं मात्र सगळी लक्षात आहेत. शेवटच्या गोष्टीतली मास्तरीण सासर सोडून एका खेड्यात शिकवायला आलेली असते, आणि तिला परत बोलावणारं पत्र येतं. तिथवर तुम्ही पोचलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या छातीत कळ आली.

तीन वर्षं! तेवढ्या काळात मी किती वेळा घरी आले असेन? आणि दर वेळी तुझ्या हातात फोन बघून मला काय वाटायचं, ते मी तुझ्या तोंडावर बोललेय.

अण्णा तर रोजच बोलायचे. दिवसभर त्या डबड्यात तोंड घालून बसते, म्हणायचे. संतोष त्याच्या कृषी केंद्राच्या दुकानातून औषधांचे, बियाणांचे फोटो तुझ्या फोनवर टाकायचा, अण्णांना दाखव म्हणून. चाची सांगत होती, तू वाचत असलीस की ते फोटो मधेच टपकायचे, कुणाचा फोन यायचा, आणि मग कुठवर आलो होतो ते तुला शोधत बसावं लागायचं. अक्षर एवढं मोठं केलेलं की एका वेळी चारच ओळी मावायच्या. फोनच्या उजेडानं डोळ्यांतून पाणी यायचं. तू पदरानं डोळे पुसायचीस, पुन्हा वाचायचीस.

हातात कागदाचं पुस्तक असतं तर अण्णांनी हाक मारायच्या आधी क्षणभर तरी विचार केला असता. फोन घेऊन बसलेल्या बाईचं काही चालू आहे, असं आपल्या घरात कुणालाच कधी वाटलं नाही.

माझं बघ. मी माझं ते वाचायचं यंत्र, ई-रीडर, घेऊन बसले की तू संतोषच्या पोरांना दटावायचीस, "वंदी वाचून राह्यली, आवाज करू नका." त्याला तू पाटी म्हणायचीस. त्या पाटीवर ना फोन येतो, ना फोटो. सबंध घर माझं वाचन सांभाळायचं. तुझं कुणी सांभाळलं?

तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यातली गच्ची आठवते का तुला? मला आता तीच आठवते. तू कुरडया घालून राखण करत बसली होतीस. मी टाकीच्या आडोशाला पाटीवर वाचत होते. तू डोक्यावरून पदर पुढं ओढला होतास, त्याच्या आत फोन धरून पार वाकून बसली होतीस. मी वहिनीला म्हणाले, "आई बघ, पदराआड लपून रील्स बघतेय." वहिनी हसली, पोरं हसली. तूही हसलीस. फोन उपडा करून मांडीवर ठेवलास.

उन्हात फोनचा पडदा काळा पडतो, अक्षर दिसत नाही. हे मला माहीत होतं. माझी पाटी उन्हातही कागदासारखी दिसते, हे तर मी वर्गात पोरांना कौतुकानं सांगत असते. तरीही तू वाचायला सावली करून बसली आहेस, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

थोड्या वेळानं तू विचारलंस, "तुझ्या पाटीवर उन्हात दिसतं का गं?"

मी म्हणाले, "दिसतं. ती वाचायसाठीच असते."

"दे बरं, पाहू."

"हाताला चीक लागलाय, आई. आणि तुला काय करायचंय?"

तू पदराला हात पुसलेस, दोन्ही, नीट. तोवर मी पुढच्या पानावर गेले होते. तू परत मागितली नाहीस.

त्या वेळी माझ्या पाटीत शंभरावर पुस्तकं होती. निम्मी मी अजून उघडलेली नाहीत.

तूही तेव्हा एक वाक्य बोलली असतीस तर? मी वाचून राह्यले, एवढंच. मी खजील झाले असते, पण मला कळलं असतं. मग वाटतं, कशाला बोलली असतीस? कॉलेजच्या अंकात मीच लेख लिहिला होता, फोनवर वाचणारा वाचक नसतो, नुसता चाळणारा असतो, असा. कुणीतरी त्याचा फोटो काढून नात्यातल्या ग्रुपवर टाकला. चाची म्हणाली, तो तू तिला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलास. फोनवर. संपल्यावर म्हणालीस, "लिहिते चांगलं."

हे ऐकल्यावर मी चाचीकडून उठून सरळ संतोषच्या दुकानात गेले. तुझा फोन तिथं काउंटरवर असतो, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी घ्यायला. तेराव्यानंतर त्यानं सगळं पुसून तो दुकानात लावला होता. मी विचारलं, आईची पुस्तकं होती त्यात, ती कुठंयत? तो म्हणाला, "कोणती पुस्तकं? आई मोबाईलवर टाइमपास करायची." मी त्याच्यावर ओरडले, गिऱ्हाइकांसमोर. मग बसस्टँडवर येऊन बसले, आणि लक्षात आलं, हे त्यानं माझ्याकडूनच ऐकलेलं आहे. टाइमपास हा शब्दही माझाच होता.

चाचीच्या सुनेला ॲपचं नाव आठवत नाही. ॲपं शोधली, मास्तरणीची गोष्ट शोधली, कॉलेजातल्या दोघांना विचारलं. सापडली नाही. एमए झालेल्या तुझ्या मुलीला तुझ्या शेवटच्या पुस्तकाचं नाव सांगता येत नाही.

आज पुन्हा चाचीकडे गेले. पाटी घेऊन. म्हटलं, ती नाही तर दुसरी एखादी वाचून दाखवू. तासभर वाचलं. शब्द कुठं अडला नाही, फोन वाजला नाही, डोळ्यांतून पाणी आलं नाही. चाची मशीन बंद करून ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "बेटा, तू अच्छं वाचतेस, बिलकुल बराबर. पन तुझी आई मधी मधी थांबायची."

मी म्हणाले, डोळे दुखत असतील तिचे.

"न्हाई. थांबायची आन विचारायची, रेहानाबी, तुम्ही या बाईच्या जागी असत्या तर काय केलं असतं? मी माझं सांगायची. मंग ती तिचं सांगायची."

"काय सांगायची?"

चाचीनं सुईत दोरा ओवला. मग हळूच म्हणाली, "ते तिनं मला सांगितलं, बेटा. तुला सांगायचं असतं, तर तुला सांगितलं असतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी पाटी पिशवीत टाकली आणि निघाले. जालन्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर रडत आले. शेजारची बाई काय झालं म्हणून विचारत होती, तिला म्हणाले, गाडी लागते मला.

आई, तू सासर सोडायचा विचार कधी केला होतास का? तुला कुठं शिकवायला जायचं होतं का? दहावीनंतर शाळा सुटली याचं तुला काय वाटायचं? पन्नास वर्षांची होत आले मी, आणि तुला विचारायचं हे मला आज सुचतंय. चाचीला ते आधीपासून माहीत आहे. मला तिचा हेवा वाटतो. तुझाही राग येतो. तुझ्या मनातलं ठेवायला तुला भिंतीपलीकडचं घर बरं वाटलं, आणि आम्ही अलीकडे तुझ्याच हातची भाकरी खात बसलो होतो.

एक शब्द देते. पुढच्या रविवारी मी चाचीकडे जाईन, त्याच्या पुढच्याही. ती म्हणेल तिथं थांबेन, विचारेल त्याचं उत्तर देईन. पण तू काय म्हणायचीस, हे तिला पुन्हा कधीही विचारणार नाही. जे तू तिला दिलंस ते तिच्यापाशीच राहू दे.

आणि तुझी माफी मागणार नाही. जन्मभर आम्ही तुझ्याकडे काही ना काही मागतच आलो, आता हे एक तरी तुझ्यावर टाकत नाही.

तुझी,
वंदी