मंगलची मेणाची वडी

१२ मे, मंगळवार
आज पण तेच. पर्वत पाटियाच्या त्या लॅबमध्ये बाकड्यावर बसून बसून कंबर मोडली आणि शेवटी हातात दिला एक कागद. सगळं इंग्रजी. मी म्हटलं, वाचून सांग बाई, मी चौथी शिकलेली. काउंटरवरची पोरगी म्हणते, "मासी, रिझल्ट नथी आव्यो." हो पण नाही, नाही पण नाही. असं कुठं असतं का? माणूस घरात खोकून खोकून रिकामं होतंय आणि ह्यांना रिझल्ट येत नाही!
मग ती हळूच म्हणाली, "मासी, ब्लॉक गरमीमां राख्यो हतो?"
मी गप्प. मला गप्प करणारं माणूस अजून जन्मलं नव्हतं. त्या पोरीनं केलं.

ब्लॉक म्हणजे मेणाची वडी, काडेपेटीपेक्षा लहान. तिच्यात मंगलच्या फुप्फुसाचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा. ही तपासणी आमच्याकडे होत नाही, लॅबमध्ये नेऊन द्या, म्हणून दवाखान्यानं माझ्याच हातात दिली. संध्याकाळ झालेली. दुसऱ्या दिवशी एक मे, गुजरात दिन, लॅब बंद. घरी आणली तर हे दारातच आडवे. म्हणाले, "अंगाचा तुकडा घरात नाही आणायचा. बाहेर ठेव." आतून मंगल ओरडली, "मन्हं मांस घरमा नको आणू आक्का. मी जित्ती शे अजून."
सख्खी बहीण माझी, धाकटी. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच आहे. तिचं मी ऐकणार नाही तर कुणाचं ऐकणार. स्टीलच्या डबीत घातली, फडक्यात बांधली आणि मागच्या लिंबाला टांगली. बाहेर म्हटलं की हात आपोआप तिथंच गेला. तिच्या नवऱ्याच्या अस्थी विसर्जनापर्यंत त्याच फांदीला टांगलेल्या होत्या. डोक्यातच आलं नाही माझ्या.
सकाळी मंगलनं खिडकीतून बघितलं. म्हणाली, "माले बी टांगी दिधं का तठे?"
सुट्टीचा अख्खा दिवस डबी उन्हात. सुरतचं ऊन, त्यात मे महिना. लॅबमध्ये द्यायच्या आधी उघडली तर मेण कडेला मऊ पडलेलं. बोटानं नीट केलं. कुणाला सांगितलं नाही.

१३ मे, बुधवार
डॉक्टरांकडे गेलो दोघी. मी म्हटलं, साहेब, हे नक्की काय शोधताय ते एकदा मला कळेल असं सांगा.
त्यांनी सांगितलं. शरीरातल्या पेशीत एक एन्झाइम असतं. वाढ म्हणून हुकूम सोडतं, काम झालं की गप्प बसतं. मंगलच्यात ते बहुतेक गप्प बसतच नाही. हे लूमवर आहेत म्हणून मला पटकन समजलं. थांबवायचा दांडा अडकला की मशीन थांबत नाही, कापड वाया जात राहतं, तसं. ते एन्झाइम आहे का बघायला लॅबमध्ये एक पाणी असतं, अँटीबॉडी म्हणतात. ती त्यालाच जाऊन चिकटते, दुसऱ्या कशाला नाही. मग काचेवर रंग येतो, तपकिरी. तपकिरी आलं तर गोळ्या. घरी बसून घ्यायच्या, माणूस उठून कामाला पण लागतं म्हणे. निळंच राहिलं तर सलाईनमधून केमो.
मंगलनं विचारलं, ते पाणी कशाचं करतात? डॉक्टर म्हणाले, ही पहिल्यांदा सशाच्या अंगात तयार झाली.
मंगल माळकरी. तोंड वाकडं केलं. "मन्हा अंगमा जाई का ते?"
नाही, फक्त काचेवर.
रिक्षात म्हणते, "सशाले काय समजस?" मी म्हटलं, लोकांपेक्षा जास्त, तू तंबाखूला हात लावला नाही तरी ते तुलाच विचारतात काय खात होतीस. हसली. हसताना दम लागला.
डबीचं डॉक्टरांना सांगायचं होतं. नाही सांगितलं.

१६ मे, शनिवार
मंगल बसूनच झोपते, आडवं होता येत नाही. साडीचे धागे कापायला बसले तर कात्री कुठेही चालते. दोन साड्यांना भोक पाडलं, शेठ बोलला. बोलू दे.
यांच्यावर ओरडले. तुम्हीच म्हणालात बाहेर ठेव. हे म्हणाले, "बाहेर ठेव म्हटलं होतं, उन्हात ठेव नव्हतं म्हटलं." खरं आहे. म्हणून जास्त राग आला.

१८ मे, सोमवार
लॅबच्या मोठ्या मॅडमला गाठलंच. आधी सगळं सांगून टाकलं, लिंब, डबी, मऊ मेण. म्हटलं, माझ्यामुळं झालं असेल तर तोंडावर सांगा.
मॅडमनी दोन काचा दाखवल्या. एक मंगलची. दुसरी दुसऱ्या कुठल्या पेशंटची, ती प्रत्येक वेळी तपकिरी होतेच, पाणी चांगलं आहे का बघायला ठेवतात. ती पण निळी! म्हणजे पाणीच मेलेलं. मॅडम म्हणाल्या, "बाटली रस्तामां गरम थई गई." कुरिअरमध्ये बर्फ वितळला.
मी म्हटलं, "तुम्ही पण लिंबाला टांगली होती का?"
मला वाटलं आता बरं वाटेल. नाही वाटलं. कारण मी विचारलं, मग माझी वडी चांगली आहे ना? तर म्हणतात, ते नवी बाटली आल्यावरच कळेल. आणि कणी संपत आली, आता एकदाच काप निघेल.
एकदाच.
नवी बाटली कधी? "आवशे." येईल. कधी ते नाही.

२० मे, बुधवार
डॉक्टर म्हणाले आता थांबता येणार नाही, छातीत पाणी वाढलंय. सोमवारी सलाईन लावू, रिपोर्ट नंतर आला तर बदलू. मंगल म्हणाली, "रंग समजू दे पहिले, मंग सुई." मी तिच्यावर ओरडले, डॉक्टरांसमोर. तू हट्ट करून मरशील. ती म्हणाली, "तू ओरडी ओरडी मरशी." डॉक्टरांना काही समजलं नाही, बरं झालं.
अहमदाबादच्या लॅबमध्ये ती बाटली आहे, डॉक्टरांनीच फोन करून विचारलं. हे म्हणाले, मी नेतो वडी, खाडा झाला तर झाला.
संध्याकाळी मंगलनं विचारलं, आता कुठं आहे ती? लॅबमध्ये, म्हटलं. मग म्हणाली, "ते मन्हं शे. अठे आण."
घरात? म्हटलं.
"घरमा."

२१ मे, गुरुवार
सकाळीच लॅबमध्ये. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "मासी, अमारा हाथमां नथी." मी म्हटलं, मग ज्याच्या हातात आहे त्याला बाहेर बोलव, मी हलत नाही. मॅडम आल्या. बसा म्हणाल्या, पाणी घ्या म्हणाल्या. काही नको.
सांगून आले. शनिवारी दुपारी बारापर्यंत. नवी बाटली आली, तुमची ती दुसरी काच तपकिरी झाली, तरच आमच्या कणीला हात लावायचा. आणि मग एक शब्द सांगायचा, तपकिरी की निळं. "आवशे" नको. नाहीतर वडी माझ्या हातात. हे रात्रीच्या गाडीनं अहमदाबादला निघतील.
मॅडम म्हणाल्या, प्रयत्न करते. मी म्हटलं, प्रयत्न मी पण करतेय. शनिवारी बारा.
घरी आले तर मंगलनं फ्रीजमधला मधला कप्पा पुसून ठेवलेला. दूध खाली, भाजी खाली. दम लागून तिथंच भिंतीला टेकून बसली होती.
शनिवारी बारा. मॅडम, सांगा.