पायाच्या रक्तवाहिनीत कॅमेरा

अण्णा, उद्या सकाळी माझ्या पायाच्या रक्तवाहिनीत कॅमेरा घालणार आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कुणी सुचेना. नांदेडच्या एका दवाखान्यात तळमजल्यावर खिडकीजवळची कॉट मिळालीय. दुपारची वेळ आहे. तुम्ही कधी न पाहिलेले तुमचे जावई बाहेर औषधं आणायला गेलेत, त्यांना वाटतंय मी झोपलेय. झोप कसली? कागद घेऊन तुम्हाला हे लिहीत बसलेय.

डॉक्टर हैदराबादहून येतात. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, आणि तिथंच माझं बिनसलं. जांघेत भूल देऊन एक बारीक नळी आत सरकवायची. तिच्या टोकाला कॅमेरा, तांदळाच्या दाण्याहून लहान. रक्तातून काही दिसत नाही, म्हणून घडीभर सलाईन सोडून रक्त बाजूला सारायचं आणि तेवढ्यात बघून घ्यायचं. आधीच्या तपासणीत वाट कुठं अरुंद झालीय एवढं कळलं, कशानं ते कळलं नाही. ताजी गुठळी असेल तर विरघळवतील, जुना थर असेल तर फुग्यानं वाट रुंद करतील. मग त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी पायातलं चित्र मोबाईलवर दाखवलं. मोरीच्या पाइपात साबणाचा मळ धरतो तसं पिवळट काहीतरी होतं. ‘तुम्ही जाग्याच असाल मॅडम, समोरच्या पडद्यावर बघता येईल,’ म्हणाले, जसं काही सिनेमाचं तिकीट हातात देत होते. तुम्ही असतात तर मान उंचावून पाहिलं असतंत आणि वर डॉक्टरलाच दोन प्रश्न विचारले असतेत. मला नाही बघायचं. नळीनं एखादा तुकडा सुटून पुढं अडकला तर पाय जाऊ शकतो, असं संमतीच्या कागदावर छापलंय. ती ओळ मी सतरा वेळा वाचली. नर्स सहीसाठी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी तिला काहीबाही सांगून परत पाठवलं.

भूकंपाच्या वर्षी मी नववीत होते. आपल्या लातूरच्या घराची एक भिंत तडकली एवढंच, पण कितीतरी दिवस सगळी गल्ली शाळेच्या मैदानात ताडपत्रीखाली राहत होती. त्या दिवसांत कुणाचं काही दुखलं तरी भूकंपानंच. चक्कर आली, भूकंप. शेजारच्या काकूंचं दूध नासलं, तरी भूकंप. त्यामुळं तुम्ही चालता चालता थांबायला लागलात, तेव्हा ‘त्या दिवशी दचकून उठलो अन् पिंढरीची शीर धरली,’ या तुमच्या एका वाक्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. लाल-निळ्या खडूंनी हृदयापासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं रक्ताभिसरण एका दमात काढणारे मास्तर तुम्ही! तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? कळलं होतं, असं मला वाटतं, आणि मग मी तुमच्यावर अजून चिडते.

क्लासेसचे दिवस तेव्हा नुकते सुरू झाले होते. रेणापूर-चाकूरकडची मुलं खोल्या करून राहायची. तुम्ही सकाळी कॉलेजात शिकवायचात आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये जीवशास्त्राची बॅच घ्यायचात. मी डबा घेऊन यायचे आणि तुमच्याबरोबर परत चालायचे. तुम्ही थांबलात की मीही थांबायचे. समोरून एखादे पालक आले, तर तुम्ही घड्याळाला चावी देत असल्यासारखं करायचात. एकदा मी विचारलं, ‘आईला सांगू का?’ तुम्ही भर रस्त्यात डाफरलात, ‘कुणापाशी बोलायचं न्हाई! पाय ओढणाऱ्या मास्तरकडं कोण लेकरू घालंल? बॅच फुटंल सगळी.’ मी घाबरून ‘हाव’ म्हणाले.

मग ती दुपार. आपण पुन्हा घरात राहायला लागलोय, आई माहेरी गेलीय. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलाय, उजवा पाय गार पडलाय. ‘वीट तापव गं, शेक दे.’ मी शेगडीवर वीट तापवते, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळते, तळव्याला लावते.

‘भाजतंय का, अण्णा?’

‘न्हाई. अजून जवळ धर.’

‘माझ्या हाताला लई गरम लागून राहिलं.’

‘मला काहीच लागून न्हाई राहिलं. धर घट्ट.’

माझी बोटं पोळतात, तरी मी धरते. तुम्ही कधी कुणाकडं काही मागायचा नाहीत, आणि त्या दिवशी माझ्याकडं मागितलं होतं. संध्याकाळपर्यंत तळव्याला मोठा फोड आला. आईला तुम्ही सांगितलंत, नवी चप्पल लागली. फोड काळा झाला, मग बोटं काळी झाली. सोलापूरला पाय गुडघ्याखालून काढला आणि पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात. रक्त पोचत नाही त्या पायाला शेक द्यायचा नसतो, त्याला चटका कळतच नाही, हे मी कॉलेजात असताना एका पुस्तकात वाचलं. दोन दिवस जेवले नाही. आई मात्र शेवटपर्यंत त्या चपलेला शिव्या देत राहिली आणि मी तिला देऊ दिल्या.

आता मीही तेच शिकवते, त्याच लातुरात, चार मजली क्लासमध्ये माईक लावून. पोटरीत पहिल्यांदा कळ आली, तेव्हा मी काय केलं? फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. असे आठ महिने काढले. घरात शुगर आहे, वडील कसे गेले ते माहितीय, आणि तरीही. इथं येताना क्लासमध्ये सांगून आलेय की देगलूरला लग्नाला चाललेय. तुमचीच लेक. पण अण्णा, मरणाची नाही तेवढी भीती मला त्या पडद्याची वाटते. उद्या आत उजेड पडला आणि डॉक्टर म्हणाले, ‘हे वेळेवर सांगितलं असतंत तर सहज सुटलं असतं,’ तर? मग तुमचंही सुटलं असतं. मी रस्त्यात ‘हाव’ म्हटलं नसतं, तर कदाचित तुम्ही दोन पायांनी म्हातारे झाला असतात. हे मला पडद्यावर बघायचं नाही.

एवढं लिहीपर्यंत नर्स तिसऱ्यांदा आली आणि मी सही करून टाकली. ‘तुम्ही लई धीराच्या बघा मॅडम,’ ती म्हणाली, ‘परवाचे एक आजोबा तर कागद बघूनच उठून गेले.’ तेवढ्यात हेही आले, सही पाहून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुम्हाला लिहिलेला हा कागद आता पर्समध्ये जाईल आणि घरी गेल्यावर मी तो फाडून टाकीन. पण तुम्हाला तरी खरं सांगते. हे औषधं आणायला गेले, तेव्हा मीही निघाले होते. चपला घातल्या, पर्स घेतली. गेटसमोर रिक्षा उभी होती, तिला हातही केला. व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचले आणि पोटरीत अशी कळ भरली की कठडा धरून उभी राहिले. रिक्षावाल्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि दुसरं गिऱ्हाईक घेऊन तो निघून गेला.