माझ्यावर चाललेला कोलेस्टेरॉलचा शोध

सोमवार, ६ जानेवारी
पनवेलच्या हॉस्पिटलात कोलेस्टेरॉलच्या नव्या गोळीची ट्रायल आहे. माझं नाव लागलं. अख्ख्या उरणातून मी एकटाच! माझे थोरले भाऊ बाळाजीदादा एक्कावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मला पन्नासावं चालू. पण आता भीती नाही. मी पेशंट नाही, संशोधक. उद्यापासून रोज पाच किलोमीटर चालणार.

मंगळवार, ७ जानेवारी, सकाळी ६
थंडी आहे. चालणं सोमवारपासून.
काल ट्रायलच्या डॉक्टर प्राची म्हणाल्या, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, बिनऔषधाची. कुणाला कोणती, त्यांनाही माहीत नाही. मला माहीत आहे. गिळताच छाती हलकी झाली. माझी खरीच.

रविवार, १९ जानेवारी
मटण. वर तळलेली कोळंबी. शकूने विचारलं, हे काय? म्हटलं, औषधाची ताकद तपासतोय. म्हणाली, "औषध तुमाला तपासतंय, का तुमी औषधाला?" बायकोला सायन्स कळत न्हाय.

रविवार, ९ फेब्रुवारी
पुतण्या निकेतची हळद. मटण तीनदा घेतलं. मग डोकं चालवलं: जेवण डबल, तर गोळी डबल. एवढ्या मोठ्या कंपनीला हे सुचलं नाही! रोजचं जेवण लिहायला हॉस्पिटलने दिलेल्या तक्त्यात लिहिलं: भाकरी, दुधी. उगाच त्यांना टेन्शन नको.

शनिवार, १ मार्च
काल एकाची हळद, आज दुसऱ्याची. दोन्हीकडे मटण. गोळ्या तीन. जिना चढताना धाप लागली. चरबी निघताना लागणारच! गोळी बाजारात आली की सत्कार होईल. भाषण लिहायला घेतलंय. "मित्रहो, मी आणि ही गोळी..." इथपर्यंत फक्कड जमलंय.

सोमवार, १० मार्च
एप्रिलपर्यंतची डबी आजच संपली. नवी मागायला ऐटीत गेलो. शकू सोबत. डॉक्टरांनी हिशेब विचारला, तिने सगळं सांगितलं. रक्त तपासलं. वाईट कोलेस्टेरॉल १६८ होतं, आता २०४.
विचारलं, गोळी फेल गेली का? डॉक्टर म्हणाल्या, "गोळीचं अजून कुणालाच माहीत नाही, हिरामणदादा. पण तुमच्या खोट्या तक्त्यावर विसंबलो असतो, तर उद्या कुणाच्या तरी भावाला चुकीचं औषध गेलं असतं."
ट्रायलमधून नाव काढलं. ईसीजी ठीक आला. नशीब.
डॉक्टरांनी लिहून दिलेली जुनीच, सगळे घेतात ती गोळी मेडिकलमधून आणली. रोज एक. पाकिटावर शकूने पेनाने लिहिलंय: एकच.