सार्थकची जागा

वूच, पोलंड
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

आक्का, पाया पडतो.

पण तू चूकच केलीस. फोनवर तू रडायला लागलीस म्हणून मी गप्प बसलो, माझं म्हणणं संपलं म्हणून नाही. सर्वपित्रीला आईबाबांची पानं वाढायची, ती वाढलीस. बाजूला तिसरं पान सार्थकचं कशाला ठेवलंस? मला विचारलंस? वर मलाच सांगतेस, कावळा सगळ्यात आधी त्याच्या पानाला शिवला. राहनाळच्या कावळ्याचं मला काय सांगतेस आक्का! गोडाऊनमागे पडलेल्या वेफरच्या पिशवीलासुद्धा तो शिवतो.

असो. मी बरा आहे. थंडी सुरू झाली. ड्युटी तीच, खोके उचला, खोके ठेवा. राहनाळला करायचो तेच इथं करतो. फक्त इथला मुकादम शिव्या देत नाही, नुसता घड्याळाकडे बघतो. त्यापेक्षा शिव्या बऱ्या. खोलीत मी आणि शेलार गावचा महादू. तो दिवाळीला गावी येतोय, त्याच्याच हातात हे पत्र देतोय. फोनवर आपलं भांडण होतं. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

आज सुट्टी होती, तर काय झालं ते सांगतो.

इथं शहर पायी फिरवून दाखवतात, जुना इतिहास सांगतात. तिकीट नसतं. शेवटी आवडलं तर खुशीने जे द्यायचं ते द्या. महादू म्हणाला, "फुकट हाय तं जा. पन शेवटाला टोपी फिरवतात, त्याच्या आदी सटक." सुट्टीच्या दिवशी मला खोली खायला उठते, म्हणून मोबाईलवर नाव टाकलं आणि गेलो.

चौकात पिवळी छत्री घेऊन एक बाई उभी होती, कासिया तिचं नाव. मोबाईलमध्ये बघून एकेकाला हाक मारत होती. माझं नाव घेतलं, मी हात वर केला. मग म्हणाली, "सार्थक?"

आक्का, कुठे आपली खाडी आणि कुठे हे शहर. त्या गोऱ्या बाईने त्याचं नाव घेतलं. "सार्थक? सार्थक?" कोण पुढे येतंय म्हणून सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मीपण बघितलं.

थोडा वेळ थांबलो, मग निघालो.

हे शहर म्हणजे आपली भिवंडीच, फक्त मेलेली. लाल विटांच्या कापडाच्या गिरण्या, सगळ्या बंद. एकीत हॉटेल, एकीत दुकानं. कासिया सांगत होती, एके काळी रस्त्यात उभं राहिलं तरी लूमचा आवाज यायचा. लोक माना डोलवत होते. मला त्यात काय नवल? एका गिरणीच्या भिंतीला मी सहज पाठ टेकली. भिवंडीत लूमच्या शेडला टेकलं की पाठीत धडधड येते ना, तशीच आली. बंद भिंतीतून. मी पटकन बाजूला झालो.

आणि ती बाई प्रत्येक सिग्नलला मागे वळून बघायची. "तुझ्याबरोबरचा रस्ता चुकला का?" मी म्हणायचो, येईल. एकदा सगळे पलीकडे गेले, तरी ती माझ्या खांद्यावरून मागे बघत उभीच राहिली. मला मान वळवायचा धीर झाला नाही. मागून पावलं येत होती आक्का. ओल्या चपलेची. रस्ता कोरडा ठणठणीत होता.

आता तू घाबरशील म्हणून खरं ते लिहितो. त्याचं नाव मीच टाकलं होतं. मोबाईलवर विचारतात, किती जण? मी दोन टाकले. दर वेळी टाकतो. बसचं तिकीट दोन, सकाळचा चहा दोन कप. महादू म्हणतो, "तुझा भाव काय चाय पीत न्हाय, मना दे, थंड झाला." हसत म्हणतो, पण त्याने आपली खाट दाराशी ओढून घेतली आहे.

तू म्हणतेस मी हट्ट करतोय. रेतीच्या बोटीवरून सगळे परत आले, एक तो आला नाही. सात वर्षं खाडीने काही दिलं नाही, शर्ट नाही की चप्पल नाही. भरतीच्या पाण्यात उलटा पोहणारा माणूस तो. तू सांगतेस दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, म्हणजे विनितावहिनी मोकळी होईल, तिला शेलारचं स्थळ आलंय. सगळं कळतं मला. भटजी म्हणतो सख्खा भाऊ हो म्हणाल्याशिवाय करायचं नाही, म्हणून तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघता. पण मी एकदा गेला म्हटलं, की त्याला मीच घालवला असं होतं. खाडीने नाही, मी.

फिरून फिरून शेवटी ज्यू लोकांच्या कब्रस्तानात आलो. लढाईच्या काळात जर्मनांनी इथल्या ज्यूंना एका वस्तीत कोंडलं आणि मग रेल्वेने नेऊन मारलं. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. कासियाचा आवाज खाली गेला होता. मला सगळं समजलं नाही, समजलं तेवढं पुरे झालं. तिथल्या भिंतीला आतून लहान लहान पाट्या ठोकल्या आहेत. आमच्यातल्या एका म्हातारीने पर्समधून खडा काढला आणि एका पाटीच्या कडेवर ठेवला. त्यांच्यात फूल वाहत नाहीत, खडा ठेवतात.

मी कासियाला विचारलं, "याच्यामागे माणूस पुरलाय?"

"नाही."

"मग काय आहे?"

"भिंत. ज्यांचं काहीच सापडलं नाही, त्यांच्या पाट्या आहेत."

"सापडलाच नाही, तर मेला कशावरून?"

 म्हातारीच वळली. तुटक इंग्रजीत, माझ्यासारख्याला समजेल असं बोलली. "हा माझ्या आईचा भाऊ. तो येईल म्हणून आई जन्मभर दाराला कडी न लावता झोपली. म्हातारपणी इथं येऊन तिने ही पाटी लावली. त्या रात्री तिने कडी लावली, आणि सकाळी उशिरापर्यंत झोपली."

आक्का, विनितावहिनी पण कडी लावत नाही. तूच तक्रार केली होतीस, चोराचिलटाची भीती, सांगून ऐकत नाही म्हणून. मी तेव्हा खूश झालो होतो. म्हटलं, चला, माझ्यासारखं अजून कोणीतरी आहे. ती सात वर्षं झोपली नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

शेवटी टोपी फिरली. मी सटकलो नाही. दोन नोटा टाकल्या. कासियाने एक परत द्यायला काढली, "तुझा माणूस तर आलाच नाही."

"आला होता," म्हटलं. "तो फुकट कुठे फिरत न्हाय. ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं आणि ठेवली. येताना ट्रॅमचं एकच तिकीट काढलं. बाजूची जागा रिकामी होती. पुढच्या थांब्याला एक पोरगी येऊन बसली, तिला मी उठवलं नाही.

तुला माहीत नाही, गणपतीच्या आधी वहिनीने मला मेसेज केला होता. एवढाच, "भाऊजी, थांबू का?" मी वाचला आणि तसाच ठेवला. आज उत्तर दिलं. नको थांबू.

शेलारच्या मंडळींना तुळशीच्या लग्नाच्या आत हो कळव. महादू त्या माणसाला ओळखतो. म्हणतो, "उधारी मागितली का अंगावर येतो, पन पहिली बायको आजारी व्हती तवा तिला उचलून न्यायचा." मला तेवढं पुरे आहे. पुतळा चुलत्याच्या हातून करू नकोस. दिवाळी झाली की मी येतो, अग्नी मीच देणार. सुपरवायझर म्हणाला, गेलास तर परत घेण्याची खात्री नाही. नाही तर नाही. जागा खाडीवरचीच धर. पुतळ्याला कपडे त्याचेच घाल, नवे आणू नकोस. नव्यात तो कधी ओळखू यायचा नाही.

आणि माझ्यावर रागावू नकोस. पानाचं मी वर लिहिलंय, ते खोडत नाही, तेव्हा तसंच वाटत होतं.

तुझा एकुलता भाऊ,
भावेश

ता.क. पैसे महादूकडे देत नाही, तुझ्या खात्यात टाकलेत. दोनदा आलेले दिसतील, चुकून गेले असं समजू नकोस. ते एकत्र करू नकोस आणि दुसरे माहेरचे म्हणून दे. सार्थकच्या कार्याचे पंचवीस हजार, आणि विनिताताईच्या लग्नाचे पंचवीस हजार.