पोच

९ फेब्रुवारी
धक्क्यावरून, सकाळी

प्रिय टिटवे,

तुला आता आशीर्वाद द्यायचे की सलाम ठोकायचा, हा मोठाच पेच आहे. पण पत्रात मी अजून मोठी आहे, तेव्हा आशीर्वादच घे. मी बरी आहे. आईचा गुडघा तसाच आहे, म्हणजे पाहुणे आले की दुखत नाही आणि जिना चढायचा म्हटलं की दुखतो. ताफ्याचा युद्धसराव संपवून आल्यापासून आमचं बापडं तेलवाहू जहाज रंगवायला काढलंय. सगळीकडे ओल्या रंगाचा वास आणि ज्याच्या त्याच्या पाठीवर राखाडी पट्टा.

माझा दिवस एरिअलखाली जातो. तारा ज्या चिनीमातीच्या गोट्यांवर ताणलेल्या असतात, त्यांच्यावर मीठ बसतं. ते गोड्या पाण्याने पुसून काढायचं. नाही पुसलं तर सेट कितीही ओरडला तरी अर्धी ताकद तिथेच झिरपून जाते आणि समोरच्याला वाटतं, आपल्यालाच कमी ऐकू येतंय. तुझ्या जहाजावर या कामाला माणसं असतील. आमच्याकडे मी आणि आमचे म्हातारे रेडिओ मेकॅनिक. त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांचा आवाज तू ऐकला आहेसच.

पत्र लिहिण्यास कारण की, असं लिहायची रीत आहे. कारण आहे. ते जरा पुढे येईल.

आधी तुझ्या खांद्यावरच्या नव्या पट्टीबद्दल अभिनंदन. उशीर झाला, पण झालं. आईने तुझा गणवेशातला फोटो बाहेरच्या खोलीत, बरोबर दारासमोर लावलाय. तिथे आधी माझा होता. तो आता फ्रिजवर गेला. मी विचारलं तर म्हणाली, तिथे ऊन लागत नाही, फोटो टिकतो. शेजारच्या काकू आल्या की आई सांगते, ही धाकटी, ताफ्याच्या पुढच्या जहाजावर संपर्क अधिकारी आहे, आणि मोठीपण तिथेच कुठेतरी असते. तिथेच कुठेतरी! जशी काही मी समुद्रात खोली भाड्याने घेतली आहे.

तुला वाटेल ताई गंमत करतेय. नाही गं. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तुझं नाव निघालं की होतो, आणि दिवसभर निघालं नाही तर मीच काढते आणि मग होतो.

वाटीवर चमचा आपटून तुला मोर्स कुणी शिकवलं? मी. तू ओट्यावर बसून पाय हलवायचीस आणि माझा शब्द पुरा व्हायच्या आत ओळखून मोकळी व्हायचीस. तुझी बडबड आणि तुझी उंची बघून लोक हसले की बाबा म्हणायचे, हसा, हसा, टिटवीदेखील समुद्र आटवते. तेव्हा मला तुझा अभिमान होता, अगदी खराखुरा. मग आपण दोघी अधिकाऱ्यांच्या परीक्षेला बसलो, माझ्याच वह्या मध्ये ठेवून. तू पार झालीस आणि मी मुलाखतीत राहिले. त्या दिवशी पेढ्यासारखं गोड तोंड करून मी सगळ्यांना बातमी सांगत फिरले. अभिमान नासला तो तेव्हा की नंतर, ते मला सांगता येणार नाही. झाकून ठेवलेलं दूध कधी नासतं ते कुठे कळतं?

आणि मग सरावाच्या आधी तुझं ते पत्र आलं. "आमच्या रेडिओ रूमला मुख्य ऑपरेटर हवी आहे. ताई, तू ये." वाचून मी ते उशीखाली ठेवलं. तू अधिकारी आणि मी तुझ्या हाताखाली. तू खोलीत शिरलीस की मी उठून उभं राहायचं. मी उत्तर दिलं नाही.

(रंगवाले आले, खुर्ची हलवावी लागली. आता दुपार झालीये.)

तर कारण.

त्या दिवशीचं तुला मी वेगळं काय सांगणार? तू सगळं ऐकलंस. पण तू फक्त आवाज ऐकलास, आमची खोली तुला दिसली नाही. ती सांगते.

तुमच्या पुढच्या जहाजाचा हुकूम होता, संपूर्ण शांतता. कुणी एक अक्षर प्रसारित करायचं नाही, नुसतं ऐकायचं, कारण सरावातली शत्रूची जहाजं आमचा आवाज हुंगत फिरत होती. अशा वेळी ट्रान्समीटर खटका पाडून बंदच ठेवायचा असतो. नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. मी तो पाडला नाही. विसरले नाही, पाडला नाही. शांतता उठली की तुझा आवाज येणार, तू सगळ्या जहाजांना पुकारणार, आणि सगळ्यांच्या आधी माझं उत्तर तुझ्या कानात गेलं पाहिजे, एवढाच माझा हट्ट. खटका पाडला तर सेट गरम व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी आधी उत्तर दिलं असतं.

समुद्र खवळलेला. हँडसेट सारखा हुकावरून निसटत होता, म्हणून मी तो खुर्चीवर, हाताशी ठेवला. सेटवरचे दिवे डोळ्यांत येत होते म्हणून त्यावर माझा स्वेटर टाकला; प्रसारण सुरू झालं की लागणारा लाल दिवाही त्याखाली झाकला गेला. मग जहाज एकदा कलंडलं, मी सरकले आणि हँडसेटवर बसले. बोलायच्या बटणावर. अख्ख्या ताफ्याची वाचा मी बुडाखाली घेऊन बसले होते आणि मला पत्ता नव्हता. आपलं बटण दाबलेलं असलं की आपल्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. स्पीकर गप्प होता आणि मला वाटलं, वा, काय कडक शांतता पाळतायत सगळे!

मामांनी सहज विचारलं की तुमच्या बहिणीकडे जाणार म्हणे. बस्स. तिथून माझी गाडी सुटली. तिला येतं काय, कागदावर पास झालेली आहे. सेट उघडून पुढ्यात ठेवला तर कुठली तार कुठे जाते ते सांगता यायचं नाही. गोड बोलते, म्हणून पुढे गेली. आई तिचीच, फोटो तिचाच, आता मीपण तिचीच का? मामा बिचारे म्हणत होते, असू दे हो, धाकटी आहे. त्यावर मी जे बोलले, ते शेवटचं वाक्य मी इथपर्यंत येऊनही लिहायचं टाळते आहे.

मग वरून दिव्याचे निरोप वाचणारा आमचा सिग्नलवाला धापा टाकत खाली आला. रेडिओ बंद म्हणून तू दिवा लुकलुकवून कळवलंस ना, तेलवाहू, तुमचं बटण दाबलेलं आहे. तो दारात उभा राहिला, माझ्याकडे बघेना, भिंतीकडे बघून म्हणाला, "ताई, जरा उठता का?"

मी उठले. लगेच स्पीकरमधून खरखर सुरू झाली. एवढी जहाजं ऐकत होती, पण कुणी काही बोललं नाही. बोलता येतच नव्हतं, शांतता होती. मला वाटलं, कुणीतरी हुकूम मोडून मला शिव्या घालाव्यात.

आपण हसे लोकाला, म्हणतात ना, तसं झालं. शत्रूने आमचा माग काढला आणि आम्ही सरावापुरते बुडालो. शांतता उठल्यावर तू एकेका जहाजाला पुकारलंस, नेमानुसार आम्हाला शेवटी. "माझा आवाज कसा येतोय?" तू विचारलंस. मी म्हटलं, "स्पष्ट." तुझ्या आवाजात एक सुरकुती नव्हती. तिथेही मला तुझा हेवा वाटला, की हिला हे जमतं कसं?

मला वाटलं होतं, तू चिडून सगळ्यांना ऐकवलं असशील. परवा भांडारात तुझी ऑपरेटर भेटली, ती उंच, चष्मेवाली. तिने न विचारता सांगितलं. माझा आवाज आला तेव्हा म्हणे तुमच्या खोलीतला मोठा स्पीकर चालू होता आणि ताफ्याचे प्रमुख तिथेच उभे होते. तू उठून स्पीकर बंद केलास आणि हेडफोन स्वतःच्या कानाला लावलास. काढला नाहीस. चॅनेल तुझ्या ताब्यात, तुला ऐकत राहणं भाग होतं. सगळं एकटीने ऐकलंस. प्रमुखांनी विचारलं, हे कोण आहे? जहाजाचं नाव सांगितलं असतंस तरी भागलं असतं. तू म्हणालीस, "माझी ताई. मला हे काम तिने शिकवलंय."

टिटवे, हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, इथेही हीच पुढे गेली. भांडाराच्या दारात, हातात पुसायचे बोळे घेऊन मी तुझ्या चांगुलपणावर जळत उभी होते. असं माणूस असतं का गं? असतं, ते तुला पत्र लिहितंय.

काल कप्तानसाहेबांनी बोलावलं. मला वाटलं, आता कानउघाडणी. ती झाली, रीतसर आणि भरपूर. मग म्हणाले, पुढच्या जहाजाकडून तुमच्यासाठी पुन्हा विचारणा आली आहे, सरावानंतर आलेली आहे, हे लक्षात घ्या. उद्या सकाळी उत्तर द्यायचंय.

मी कालपासून तेवढंच एक घोळवतेय. तू मला अजून का मागतेस? कीव म्हणून असेल तर मी येणार नाही. त्यापेक्षा इथे मीठ पुसलेलं बरं. पण मला खरंच यायचंय. तुमच्या त्या नव्या सेटना हात लावायचाय. तू पुकारतेस तेव्हा त्या खोलीत असायचंय. तू उठवलंस की उठेन, एकदा दात-ओठ खाऊन उठले की जमेल.

फक्त एक अडलंय. संदेश मिळाला की पोच द्यायची, आवडो न आवडो, हे मी तुला ओट्यावर बसवून शिकवलं होतं. माझा संदेश तुझ्या कानात अख्खा गेला. तू पोच दिली नाहीस. तू रागावली नाहीस, रडली नाहीस, आईला सांगितलं नाहीस. आणि पोच आली नाही तर पाठवणाऱ्याने संदेश पुन्हा पाठवायचा, असाही नेम आहे. म्हणून पाठवते. या वेळी बटण मी स्वतः दाबते आहे.

मी म्हणाले होते, "तिचं एकदा तरी चारचौघांत चुकावं, एवढं बघायला मिळालं की मी सुखाने मरेन."

ते मी मनापासून म्हणाले होते. आजही अधूनमधून म्हणते. आणि तुझं खरंच चुकलं, तर तुझ्याआधी धावत जाऊन खटका पाडणारी मीच असेन, हेही खरं आहे. दोन्ही एकाच पोटात कसं मावतं ते मला विचारू नकोस.

तुझं जहाज पलीकडच्याच धक्क्याला आहे. मामा पत्र घेऊन येतील आणि उत्तरासाठी दाराशी थांबतील. त्यांना बसायला खुर्ची दे, त्यांचेही गुडघे आईसारखेच आहेत. गोड काही लिहू नकोस. राग आला असेल तर राग लिही, चार शिव्या लिही, हवं तर लिही की ताई, तू दुष्ट आहेस. तेवढं माझ्या हातात पडलं की मी उद्या कप्तानसाहेबांना हो सांगेन आणि संध्याकाळी सामान घेऊन तुझ्यापुढे उभी राहीन.

मी बटण सोडलं आहे.

तुझी
ताई