कोबीचा दुसरा अर्धा

दि. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार डोकं टेकवून केलाय असं समज, कारण पुढचं वाचून तू तेच डोकं फोडणार आहेस.

ताई, मी बाबांच्या टेबलावरचा कोबी बदलला.

फोनवर सांगता आलं नाही, फोन बाबांच्या खुर्चीमागेच असतो. पुढच्या खोलीतल्या त्या टेबलाचा कायदा तुला माहीतच आहे. ज्या भाजीवरून बाबांचं चित्र चाललंय तिला कुणी हात लावायचा नाही. या वेळी जांभळा कोबी होता, मधोमध चिरलेला. त्याच्या आतल्या घड्या बाबा दाराएवढ्या कॅनव्हासवर काढतायत. बघणाऱ्याला तो कोबी आहे हे कळतच नाही, वाटतं नदी आहे, नाहीतर कुणाचा तरी मेंदू. कोबीचा दुसरा अर्धा फ्रिजमध्ये होता. आता एका कोबीचे दोन अर्धे म्हणजे उजवा-डावा हात. एकात मधलं पान डावीकडे वळतं, तर दुसऱ्यात उजवीकडे. बुधवारी बाबा जेवायला उठले आणि मी अदलाबदल केली. म्हटलं, दोन मिनिटांत ओरडतील, मी पळेन. मागे मी मिरचीचा देठ नुसता फिरवला होता तर घर डोक्यावर घेतलं होतं ना?

ते आले, बसले आणि काढत राहिले. संध्याकाळपर्यंत चित्र वर डावीकडे वाहत होतं आणि खाली उजवीकडे. मी दाराआड हसायच्या तयारीत. हसू आलंच नाही.

काल गॅलरीवाल्या बाई चित्र बघून गेल्या. म्हणाल्या, मध्येच प्रवाह उलटा फिरवलात, कमाल केलीत. बाबांनी विचारलं, कुठे उलटा? तेव्हापासून ब्रश धुऊन ठेवलेत. आईला वाटतंय पित्त झालं.

मला भीती वाटतेय. लवकर लिही. शुद्धलेखनाच्या लाल खुणा नंतर कर. तुझा लोभ असतोच, या वेळी जरा जास्त लागेल.

तुझा,
उचापत्या


दि. ८ मार्च

चि. उचापत्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा, तो भेटीअंती. पत्रात चौदा चुका आहेत, पण आज लाल पेन हातात घेववलं नाही.

मागच्या महिन्यात मी आले होते तेव्हाचं सारखं डोळ्यांपुढे येतंय. चहा ओतताना बाबांनी कपाच्या काठावर बोट धरलं होतं. मी चिडवलं, कप काय पळून जाणार आहे का. ते हसले नाहीत. बसथांब्यावर मी समोर उभी, तर ते माझ्या खांद्यापलीकडे बघत होते. मला वाटलं रागावलेत, आणि मीही फुरंगटून बसमध्ये चढले.

आजोबांचं तुला आठवत नसेल, तू कडेवर होतास. शेवटी शेवटी ते आम्हाला आवाजावरून ओळखायचे. बाबा त्यांना रोज पेपर वाचून दाखवायचे आणि मग नळ मोठा सोडून बराच वेळ तोंड धूत बसायचे.

आईला इतक्यात बोलू नकोस. पण बाबांना सांगून टाक, तू काय केलंस ते. आपला हातच चुकला असं धरून बसले असतील. आणि आता काही म्हणजे काही बदलू नकोस. उलट टपाली कळव. इकडे सर्व ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

तुझी,
ताई


दि. १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. आज डोकं खरंच टेकवलंय, टेबलावर.

तुझं ऐकलं नाही. सांगायच्या आधी मला खात्री करायची होती. काल सकाळी बाबांनी पुन्हा ब्रश घेतला. आई बाजारात गेलेली. ते रंग घ्यायला वळले आणि मी ताटलीतला कोबी उचलला. बाबांनी ताटलीकडे बघितलं, मान डोलावली, ब्रश टेकवला. पुन्हा ताटलीकडे बघितलं. ताई, रिकाम्या ताटलीकडे बघून आपला बाप मान डोलावतो ते बघवत नाही गं. मग त्यांनी हात पुढे केला. बोटं ताटलीत फिरली, काठापर्यंत गेली, परत आली. मागे न वळता म्हणाले, "मधलं पान कुठे वळतं, तेवढं सांग."

मी सगळं ओकलो, त्या बुधवारपासूनचं. त्यांनी माझा कान पकडला. पिळला नाही. नुसता धरून बसले, आणि हात थरथरत होता.

सहा महिने झाले म्हणाले. सरळ समोर बघितलं की मधोमध करडा डाग येतो, कडेचं तेवढं दिसतं. एकेक पान बोटांनी चाचपायचं आणि तेवढंच काढायचं, सगळं चित्र एकदम दिसतच नाही. डॉक्टरांकडे गेले नाहीत, कारण डॉक्टरांनी तोंडाने सांगितलं की ते खरं होणार. बाईंचं ऐकल्यावर वाटलं, आता हातही गेला.

मी दोन्ही अर्धे त्यांच्या दोन हातांत दिले. सुकून चिंध्या झाल्या होत्या. बराच वेळ अंगठे फिरवले त्यांनी. मग म्हणाले, म्हणजे तू जे ठेवलंस तेच मी काढलं. मग म्हणाले, गाढवा. आयुष्यात कधी गाढव ऐकून इतकं बरं वाटलं नव्हतं.

शनिवारी ये. तू बरोबर असशील तर डॉक्टरांकडे येतो म्हणालेत. मी नंबर लावलाय. आल्यावर समोर उभी राहू नकोस, जरा बाजूला उभी राहा, म्हणजे त्यांना दिसशील.

आईला ते स्वतः सांगणार आहेत. कान धरल्याचं कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेऊन उठलो आणि लगेच तुला लिहायला बसलो, असला मी. कोबीचं खुशाल सांग, तुझ्या सगळ्या वर्गाला सांग, हसू देत. पण बाबांचा हात थरथरत होता, ते कुणाला सांगू नकोस. पाया पडतो ताई. कुणालाच नको.

तुझाच,
गाढव